लाख वातींचा इंटिजर

मायनस! तुम्हाला सांगते, मायनस! एक लाख वाती, चातुर्मासातले शंभर दिवस, रोजच्या हजार, तुपात भिजवून लावलेल्या, त्यातल्या नऊ हजार तर माझ्या या मांडीवर वळलेल्या, अजून तिथली कातडी काळी आहे, दाखवण्यासारखी जागा नाही म्हणून, नाहीतर दाखवली असती... आणि तो काचेच्या तोंडाचा खोका सगळ्यांच्या देखत काय म्हणतो? मायनस एकतीस हजार बहात्तर! म्हणजे आम्ही वाती लावल्या की विझवल्या हो?

आता तुम्ही म्हणाल, कोणाच्या वाती, कसला खोका, ही बाई मधूनच काय सुरू झाली. बरोबर आहे तुमचं. ओळीनं सांगते. ओळीनं सांगायची मला सवय नाही, पण त्या खोक्यापायी एवढं तरी शिकले, की जे जे पुढं लागणार ते आधी वर सांगून ठेवायचं आणि मगच खाली वापरायचं. तर वर सांगते. माणसं चार. यशोदाबाई, त्यांची मुलगी ज्योत्स्ना, जेठ, म्हणजे बाईंचे थोरले दीर, हिलाल नाना आणि कम्प्युटरच्या क्लासातले पंडित सर. मी पाचवी, सुंदरबाई, पण मला धरू नका, मी नुसती सांगायला आहे.

यशोदाबाई म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. माहेर शिरपूरकडचं, घरचा कापूस, म्हणून वातींना कापूस कधी विकतचा नाही. सासर पारोळ्याचं, पण बिऱ्हाड अठरा वर्षं झाली जळगावात. मालक भुसावळला रेल्वेत, सकाळच्या पॅसेंजरनं जातात, संध्याकाळच्या पॅसेंजरनं येतात आणि मधल्या वेळात बोलत नाहीत. बाई सातवी पास, पण उपासात म्हणाल तर पदवीधर! सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवारी आंबट बंद, शनिवारी मारुतीला रुईची माळ, रविवार सूर्याचा. पोटभर जेवायला एक बुधवार उरतो, तर त्या दिवशी नेमकी एकादशी. आणि तक्रार? नाव नको. चेहरा असा की जणू आत्ताच देवानं कानात सांगितलंय, होईल गं, काळजी करू नको. मला तर कधीकधी त्या चेहऱ्याचाच राग येतो.

ज्योत्स्ना त्यांची एकुलती एक. उंच, हुशार, जिभेला धार. दहावीची परीक्षा दिलेली, निकाल लागायचा होता. शाळेत कोणीतरी पाहुणा येऊन कम्प्युटरवर भाषण ठोकून गेला होता, तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. धुळ्याला पॉलिटेक्निकला जायचं, होस्टेलला राहायचं, कम्प्युटरचा डिप्लोमा करायचा. त्या लाख वाती त्याचसाठी तर होत्या हो! आदल्या चातुर्मासात, ब्याण्णव साली, पोरगी दहावीचा अभ्यास करायची आणि आम्ही गल्लीतल्या सहा बाया तिच्या नावानं दुपारभर वाती वळायचो.

आणि हिलाल नाना. घरातलं वडील माणूस. पांढरी टोपी, शब्द मोजून, आवाज न मोजता. आता यांची आणि यशोदाबाईंची गंमत सांगते. जेठ आणि भावजय, तेव्हा सरळ बोलायचं नाही, रीतच तशी. एकोणीस वर्षांत एकमेकांशी एक शब्द थेट नाही. मध्ये कोणीतरी लागतं. नाना म्हणणार, "ज्योत्स्ने, तुनी मायले सांग, चहामा साखर कमी शे." माय दोन हातांवर उभी! कान धडधाकट! तरी ज्योत्स्ना मान वळवणार, "आई, नाना म्हणतात साखर कमी आहे." मग आई पदर पुढं ओढून म्हणणार, "नानांना सांग, अजून ढवळला नाही." आणि नाना कुठं? तिथंच! कपात चमचा घालून!

तर या नानांनी पोरीसाठी चोपड्याचं स्थळ काढलं. मुलाचं फवारणीच्या औषधांचं दुकान. अंगाला वास येतो तेवढा सोडला तर नाव ठेवायला जागा नाही. ज्योत्स्नानं धुळ्याचं नाव काढलं आणि नाना भिंतीकडे बघून कडाडले, "हाई मशीननं काम बाईमाणूसना डोकामा जात नहीं. आपला घरनी एक तरी बाई शिकी दखाडो, मंग धाडसू पोरले धुयाले!" म्हणजे घरातली एक तरी बाई हे शिकून दाखवू दे, मग पोरीला धुळ्याला धाडतो. पण घरात बाई म्हणून दुसरी होतीच कोण? म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेलेली, नानांची बायको त्याआधीच. राहिली एकच, दाराआड, कणकेचे हात घेऊन उभी. आणि दाराआडून आवाज आला... "मी शिकते."

थेट! मध्ये कोणी नाही! नानांनी टोपी काढली, परत घातली. एकोणीस वर्षांत त्या बाईचा आवाज त्यांनी पहिल्यांदा असा सरळ ऐकला होता. शब्द तर बोलून बसलेले, आता मागं कसा घेणार? म्हणाले, "ज्योत्स्ने, तुनी मायले सांग, जूनमा चोपड्यानी मंडळी येवावर शे. तवलोंग." तोपर्यंत. म्हणजे दोन महिने!

तर क्लास कुठं? बाजारपेठेत, प्रेमचंदशेठच्या कापडदुकानाच्या वर. चपला बाहेर, पडदे लावलेले, कम्प्युटर दोन, त्यांच्यावर सुती खोळ, आणि एप्रिल-मेचं जळगाव! खाली रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय, माणसं भाजून निघतायत, आणि तो खोका कूलरपुढं बसून गार वारा खातोय. यशोदाबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. आत चपला नाहीत, पडदा आहे, पंखा आधी त्याला, मग आपल्याला... त्यांना सगळं ओळखीचंच की! पहिल्या दिवशी त्या वाकून नमस्कारच करणार होत्या, पण शेजारी बसलेली कॉलेजची पोरं बघून नुसता पदर सावरला.

पंडित सर म्हणजे कोण, तर बावीस वर्षांचा भडगावचा पोरगा, गळ्यात टाय, टायखाली घाम. पास्कल नावाची भाषा शिकवायचा. त्यानं फळ्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाला, "काकू, व्हेरिएबल म्हणजे डबा. मेमरीतला डबा. त्यावर नाव टाकायचं, आत काय ठेवणार ते आधी सांगायचं, आणि मग ठेवायचं."

झालं! डबा म्हटल्यावर बाई थांबते का? यशोदाबाई म्हणाल्या, "सर, आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात जिरं असतं आणि जिऱ्याच्या डब्यात सुईदोरा. नाव कुणी टाकत नाही. हात बरोबर जातो."

सर म्हणाले, "तुमचा हात जातो काकू, कम्प्युटरचा जात नाही."

"मग त्याला दोन दिवस राहू द्या घरात, जाईल."

अहो, वर्ग हसून हसून पडला. सर मात्र हसले नाहीत. घाम पुसून म्हणाले, लिहा. बाईंनी लिहिलं. एकेक अक्षर शोधून, जशी भाजीतली अळी शोधतात तशी, एका बोटानं. बटण दाबलं आणि वर लाल पट्टीत आलं, अननोन आयडेंटिफायर. सर मागून वाकले आणि म्हणाले, "वर सांगितलंय का?"

"काय?"

"हे नाव. खाली वापरलंय, पण वर सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक सांगितलं, दुसरं विसरल्या. अननोन. "काकू, वर सांगितलंय का?" तिसऱ्या दिवशी दोन्ही नावं सांगितली, आत काय ठेवणार ते राहिलं. आकडा की अक्षर? आधी बोला! "काकू, वर सांगितलंय का?" तुम्हाला सांगते, तो पोरगा त्या महिन्यात दुसरं वाक्य बोलला असेल तर शपथ! आणि ते वाक्य घरी आलं हो. मालक ताटावर बसले आणि म्हणाले, लोणचं? तर यशोदाबाई वाढता वाढता अगदी प्रेमानं, "वर सांगितलंय का? लोणचं लागणार हे बसायच्या आधी सांगायचं." ते आधीच बोलत नाहीत, त्यात पंधरा दिवस लोणच्याशिवाय जेवले.

पण मनातून बाई घाबरलेल्या. मला म्हणायच्या, "सुंदरअक्का, शब्द पाठ आहेत, पण कळत नाही हो. कागदावरचं नाव म्हणजे खरंच काही असतं का? आत तर काहीच नाही, नुसतं नाव. रिकाम्या नावाला एवढा मान का?" मी म्हटलं, "नाना तरी काय, नुसतं नाव आणि केवढा मान!" त्यावर हसल्या, पण डोळ्यांत पाणी. एक महिना गेलेला, चोपड्याहून पत्र आलेलं, ज्योत्स्ना भिंतीकडे तोंड करून पडलेली.

आणि मग माझ्या घरच्या सत्यनारायणात तो घोटाळा झाला. घोटाळा म्हणजे माझ्या दृष्टीनं. गुरुजी बसलेले, चौरंग मांडलेला, मी आणि माझे मालक उपरणं-पदराची गाठ मारून. गुरुजींनी तांदळाच्या पुंजीवर सुपारी ठेवली, म्हणाले हा गणपती. नवग्रह मांडले, नऊ सुपाऱ्या, हा सूर्य, हा चंद्र, हा मंगळ. त्याच पुडीतल्या, त्याच दुकानातल्या! त्याआधी संकल्प सोडलेला, आमचं नाव, गोत्र, गाव, तिथी, कशासाठी करतोय, सगळं. आणि मागून एकदम टाळी वाजली!

"अगं बाई! हेच की ते!"

यशोदाबाई! भर पूजेत! गुरुजींच्या हातातली पळी तशीच राहिली. "काय झालं ताई?"

"सुपारी सुपारीच असते हो गुरुजी, पण आधी सांगितलं हा गणपती, की मग पुढं सगळं त्याच्यावर. फूल त्याला, दूर्वा त्याला. आणि न सांगता नुसतीच फूल वाहत बसलं तर कुणाला पोचलं? कुणालाच नाही! म्हणूनच सर विचारतात, वर सांगितलंय का!"

"कोण सर?" गुरुजी म्हणाले.

आता माझ्या सत्यनारायणात पंडित सर! शिरा गार झाला तो झालाच, वर गुरुजींना पास्कल समजावून सांगणं आलं. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी पहिल्यांदा मलाही ते थोडं कळलं. आणि त्या दिवसापासून बाईंची एकही लाल पट्टी आली नाही. प्रत्येक प्रोग्रामच्या वर नावं कशी ओळीनं मांडलेली, चौरंगावर मांडल्यासारखी! सर म्हणाले, पोरांनो, काकूंकडून शिका.

मग परीक्षा ठरली. सर म्हणाले, आपापल्या घरातलं काहीतरी घ्या आणि त्यावर प्रोग्राम करा. पोरांनी काय घेतलं? वर्तुळाचं क्षेत्रफळ. कुणाच्या घरात वर्तुळ असतं हो? यशोदाबाईंनी घेतल्या लाख वाती. रोज हजार मिळवायच्या, शंभर दिवस, एंटर दाबला की एक दिवस पुढं. वर दोन नावं. दिवस, आणि वाती. सरांना विचारलं, आत काय म्हणून सांगू? सर म्हणाले, पूर्ण आकडा आहे ना, मग इंटिजर. लिहिलं. दिवस इंटिजर, वाती इंटिजर. संकल्प झाला!

गुरुवार होता. बाईंना उपास. नानांना वर आणलं, जिना चढताना ते तीनदा थांबले. मी, ज्योत्स्ना, वाती वळणाऱ्या आणखी चार बाया, प्रेमचंदशेठ सुद्धा गल्ल्यावर माणूस बसवून आले. यशोदाबाई खुर्चीवर, डोक्यावर पदर, बोट एंटरवर. टक्... दिवस एक, हजार. टक्... दोन हजार. आम्ही बाया मागं हळूच मोजतोय, जपाच्या माळेसारखं. दहा दिवस, दहा हजार. वीस, वीस हजार. नानांचा चेहरा सैल व्हायला लागला. तीस. एकतीस. बत्तीस, बत्तीस हजार. टक्...

दिवस तेहतीस. मायनस बत्तीस हजार पाचशे छत्तीस.

नाना पुढं वाकले. "ज्योत्स्ने, तुनी मायले इचार, हाई आडवी रेघ कसानी शे?"

ज्योत्स्नानं मान वळवली. "आई... नाना विचारतात, ही आडवी रेघ कसली?"

सरांनी घाईघाईनं स्वतः एंटर दाबायला घेतला, टक टक टक टक, म्हटलं पुढं जाऊन नीट होईल, तर ते मायनस उतरत उतरत सहासष्टाव्या दिवशी मायनस गेलं, पण वाती चारशे चौसष्ट! मग परत चढायला लागलं, आम्हाला वाटलं आलं बाई वळणावर, तर नव्व्याण्णवाव्या दिवशी पुन्हा खड्ड्यात, आणि शंभराव्या दिवशी तो आकडा, जो मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला. नाना उठले. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "रईवारले चोपड्यानी मंडळी येई ऱ्हायनी. दुपारले चार वाजता." हे कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून मध्ये कुणी बोललं नाही.

आता खरा तमाशा पुढं आहे. आम्ही बाया घरी आलो आणि यशोदाबाईंच्या ओसरीवर बसलो, आणि सगळ्यांच्या मनात एकच... तेहतिसाव्या दिवशी काय घडलं होतं? नेमका तेहतिसावाच का? खोका खोटं कशाला बोलेल, त्याला आमच्याशी काय वैर? लताबाईंचा धीर आधी सुटला. म्हणाल्या, "अक्का, माझी शंभराची जुडी कधीकधी ऐंशीची असायची. हाताला मुंग्या यायच्या हो." मग भिकुबाई रडायला लागल्या, त्यांनी म्हणे दोन दिवस सुनेकडून वळून घेतल्या, आणि सून तेव्हा पारोशी. मग मी. हो, मीही! आता तुमच्यापासून काय लपवायचं? नऊ हजार म्हटलं मी मघाशी, तर त्यातल्या काही... मालिका बघता बघता वळल्या होत्या. कोण मोजतंय? कोणाला माहीत होतं की पुढं खोका मोजणार आहे?

यशोदाबाईंनी पदर खोचला. कापसाची परात पुढं ओढली आणि म्हणाल्या, "एकतीस हजार बहात्तर कमी पडल्यात. तेवढ्या भरून देऊ."

आणि आम्ही बसलो! सहा बाया, गुरुवार, शुक्रवार, शनिवारची सकाळ. यावेळी प्रत्येक जुडी दोनदा मोजून. मांडी परत सोलवटली. शुक्रवारी दिवे लागेपर्यंत अकरा हजार झाल्या. शनिवारी सकाळी वळता वळता यशोदाबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "सुंदरअक्का, आपण चुकलो ते तेहतिसाव्या दिवशी चुकलो. पण खोक्याला कुठं माहीत, लताबाईंची जुडी ऐंशीची होती? मी तर त्याला हजारच सांगितल्या होत्या."

मी म्हटलं, "देवाला माहीत असतं."

"देवाला असतं हो. पण त्याला? वर सांगितलंय का?"

आणि बाई उठल्या ना! तशाच, अंगावर कापूस, बाजारपेठेत. मी मागं मागं. सर एकटेच बसले होते, भाकरी खात. यशोदाबाईंनी खुर्ची ओढली आणि रोजच्या हजाराच्या जागी पाचशे केल्या. तेहतिसावा दिवस आला... काही नाही! साधा सरळ आकडा. पुढं गेल्या. सहासष्टावा दिवस, मायनस! अडीचशे केल्या, तर शंभर दिवस उलटले तरी मायनस नाहीच. आता तुम्हीच सांगा, सातवी पास बाई! म्हणाल्या, "दिवसाचा दोष नाही. वातींचाही नाही. तेहतीस हजारांपाशी याला काहीतरी होतंय." मग बत्तीस हजारांवरून चढवत निघाल्या, आधी शंभराच्या पावलांनी, मग दहाच्या, मग एकेक वात. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. तिथपर्यंत शहाणा. अडुसष्टावी वात घातली की उलटा!

"सर," त्या म्हणाल्या, "इंटिजर केवढा असतो?"

सरांचा घास तोंडात. पुस्तक काढलं, पान उलटलं, आणि तो बावीस वर्षांचा पोरगा टायसकट लाल झाला. "काकू... एवढाच असतो. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. मोठा आकडा असेल तर लाँगइंट म्हणून सांगायचं. पण आजवर क्लासात एवढा मोठा आकडा कोणी काढलाच नव्हता हो."

यशोदाबाई रागावल्या? छे! अगदी हळू, मायेनं, जशा मालकांना लोणच्याचं विचारायच्या तशाच म्हणाल्या, "पण सर, हे तुम्ही आम्हाला... वर सांगितलंय का?"

मी तोंडाला पदर लावला. मेला तो पोरगा लाजेनं! मग बाईच म्हणाल्या, असू द्या हो, आमचंच चुकलं. संकल्प सोडताना गुरुजी नुसतं वाती म्हणत नाहीत, लक्ष वाती म्हणतात. केवढं होणार ते पहिल्यालाच बोलायला हवं. आणि वर जाऊन इंटिजरच्या जागी लाँगइंट लिहिलं. एक शब्द. त्या एका शब्दापायी लताबाईंनी ऐंशीची जुडी कबूल केली, भिकुबाईंची सून पारोशी ठरली, आणि माझी मालिका गल्लीभर झाली!

रविवारी सकाळी नाना परत जिना चढले, यावेळी दोनदाच थांबले. म्हणाले, एंटर मी दाबणार, मला फसवायचं नाही. दाबला. शंभर वेळा! तेहतिसाव्याला थांबून त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, जणू आम्ही खाली काहीतरी लपवलंय. टक्. तेहतीस हजार. पुढं गेले. बोट दुखायला लागलं तेव्हा बदललं, पण दुसऱ्याला दिलं नाही. शंभरावा दिवस. एक लाख. एकावर पाच शून्यं, कुठं रेघ नाही, डाग नाही. नानांनी बोटानं शून्यं मोजली. मग म्हणाले, "ज्योत्स्ने, तुनी मायले सांग... जाऊ दे तिले धुयाले."

तिले म्हणजे कोण? ज्योत्स्नालाच! आणि निरोप कोणाजवळ? ज्योत्स्नाजवळ! पोरीनं आईकडे वळून रडत रडत सांगितलं, "आई, नाना म्हणतात, मला जाऊ दे." आणि आई म्हणाली, "नानांना सांग, पाया पडते." चार वाजता चोपड्याची मंडळी आली, त्यांना पोहे खाऊ घातले, चांगली माणसं होती हो, खरंच वास तेवढाच, आणि परत पाठवलं.

पोरगी पहिल्या वर्गात पास झाली, जुलैत धुळ्याला गेली. एसटीत बसवताना यशोदाबाईंनी तिला सांगितलं, घाबरू नकोस, काही अडलं तर मला लिही, इंटिजर, लाँगइंट, सगळं येतं मला. आम्ही वाट बघत होतो, पोर आता केवढाले प्रोग्राम करत असेल. आणि श्रावणात तिचं पत्र आलं. यशोदाबाईंनी मला वाचायला दिलं, त्यांचा चष्मा सापडत नव्हता म्हणे. काय लिहिलंय तिनं? तर पहिल्या वर्षी कम्प्युटर नसतोच! एक तास सुद्धा नाही! तो खोलीत कुलपात आहे, खिडकीतून दिसतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना वर्कशॉप. लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरायचा आणि कानशीनं घासत बसायचं, चारही बाजू काटकोनात येईपर्यंत. पोरगी लिहिते, आई, हाताला फोड आलेत, माझा तुकडा सरांनी तीनदा फेकून दिला, मला जमत नाही, मी परत येऊ का?

तुम्हाला सांगते, मी पत्र दोनदा वाचलं. लाख वाती, वर अकरा हजार, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट, माझी मांडी, माझा सत्यनारायण... हे सगळं कशासाठी? तर लोखंड घासायला! अख्ख्या घराण्यात व्हेरिएबल कळणारी बाई एकच, आणि तिच्या घरात खोका नाही. मला वाटलं आता तरी ही बाई कपाळाला हात लावेल. आता तरी म्हणेल, देवा, हे काय रे!

यशोदाबाईंनी पत्राची नीट घडी घातली, देवापुढं ठेवली, आणि कोपऱ्यातल्या लोहाराकडे गेल्या. येताना काय आणलं? पदराखाली झाकून एक कानस आणि वीतभर लोखंड. म्हणाल्या, "पोरीला लिहिते, येऊ नकोस, थांब. मी आधी शिकून घेते, मग तुला कळवते कसं धरायचं."

काय बोलणार तुम्ही अशा बाईला? मी म्हटलं, "अहो, हे पुरुषांचं काम, दोन हात लागतात, कोणीतरी लोखंड गच्च धरायला नको का?"

तर त्या माझ्याकडे बघून हसल्या, तोच तो चेहरा, ज्याचा मला राग येतो... उद्या दुपारी भांडी आवरून बोलावलंय मला.